कवच

दहा दिवस ताप, पेज आणि मेतकूट-भात. काल तोंडाला चव आली आणि मन अडून बसलं ते कुरकुरीत तळलेल्या चीजवर. रात्रीच मोझरेलाच्या बोटभर कांड्या कापल्या, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवल्या, पुन्हा बुडवल्या, पुन्हा घोळवल्या आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. दोन थर हवेतच. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचं, ते कढईत वितळत नाही. मोझरेला मात्र ६० अंशांच्या आसपासच सैल पडतं, आणि तेल असतं १८० अंशांवर.

आज पहिल्या कांड्या सोडल्या. तेल फसफसलं, मग आवाज हळूहळू बारीक होत गेला. आईला तळण आवाजावरून कळायचं. पाठमोरी असली तरी म्हणायची, "काढ आता." मी झारा धरून ऐकत राहिले. तेवढ्यात एका कांडीच्या कडेला चीर पडली, पांढरा थेंब बाहेर आला आणि तेलात पसरून सोनेरी जाळी झाला.

ती कांडी आतून पोकळ निघाली. का कोण जाणे, तीच आधी खाल्ली. नुसतं कवच, पण किती खुसखुशीत!

आजारातून उठल्यावर आई काय मागायची, ते काही केल्या आठवेना. बाकीच्या कांड्या निथळत ठेवल्या आणि खिडकीशी जरा वेळ उभी राहिले.