फरीचा हात

गेल्या दिवाळीत थोरल्या लेकीचा पोरगा पुण्याहून आला तो एक निळी तलवार घेऊनच. तलवार प्लॅस्टिकची. बटण दाबलं की आतून उजेड पडायचा आणि भुंग्यासारखा घूं घूं आवाज यायचा. गोठ्यातली म्हैस पहिल्या दिवशी दावं तोडायला निघाली. दुसऱ्या दिवशी तिनं मानसुद्धा वर केली नाही.

रात्री सोप्यात अंथरुणं पडल्यावर पोरगं माझ्याजवळ सरकलं आणि त्या तलवारीचं शास्त्र सांगू लागलं. स्टार वॉर्स नावाचे परदेशी सिनेमे आहेत, पहिला १९७७ साली आला. त्यातले जेडाय नावाचे लढवय्ये असल्या उजेडाच्या तलवारींनी लढतात. त्यांच्या लढण्याच्या सात पद्धती. पहिली शी-चो, ती सगळ्यांनीच शिकायची, आपल्या बाराखडीसारखी. माकाशी म्हणजे दोघांचीच लढत, ऐटीत, हात कमीत कमी हलवून. आतारू म्हणजे उड्या आणि गिरक्या. सोरेसू म्हणजे नुसतं अडवायचं, अंगाला काही लागू द्यायचं नाही. वापाड म्हणजे आपल्या आतला रागच हत्यारासारखा वापरायचा. ज्याचा जसा स्वभाव, तशी त्यानं पद्धत घ्यायची.

"आबा, तुमची कुठली?"

"माझी कवाच ठरलीय," मी म्हटलं. "साठ वर्षं होत आली."

पोरगं उठूनच बसलं. मग मला सांगावं लागलं.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठाला. गावात तालीम होती आणि तालमीत कुस्तीबरोबर मर्दानी खेळ चालायचे. वस्तादांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. वस्ताद म्हणजे वस्ताद. भिंतीला लाठ्या, बोथाट्या, विटे आणि फरी-गदगे टांगलेले असायचे आणि सगळ्यांच्या वर दोन पट्टे. मी बारा वर्षांचा, सहावीत. साल १९६६.

आम्हा पोरांची नजर पट्ट्यावर. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, त्यात भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' आम्ही जमिनीवर बसून बघितलेला. घोडखिंड अडवून उभा राहिलेला बाजीप्रभू तर शाळेच्या पुस्तकातून थेट अंगात यायचा. उसाच्या दांडक्यांनी आम्ही रोज खिंड लढवायचो. सगळ्यांनाच बाजी व्हायचं असायचं, म्हणून मग सिद्दी व्हायला कुणी मिळायचं नाही.

वस्तादांनी पहिले दोन महिने लाठीशिवाय काही हाताला लावू दिलं नाही. तेवढ्यात ते आम्हाला बघत होते. कोण बैल कसा हाकतो, कोण भांडण झाल्यावर किती दिवस धरून ठेवतो, पंगतीत आमटी यायच्या आधी कोण भाकरी मोडतो. कधी बोलता बोलता वेताची छडी आमच्या तोंडासमोरून सपकन फिरवायचे आणि काहीच न झाल्यासारखं पुढं बोलायचे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली आणि वस्तादांनी प्रत्येकाला ज्याचं त्याचं हत्यार दिलं. पट्टा कुणाला जाणार याची आम्हाला शंका नव्हती. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, पंधरा वर्षांचा, अंगानं उभार आणि रागानं त्याहून. गावात त्याच्या वाटेला कुणी जात नसे. पण वस्तादांनी पट्टा दिला कुंभाराच्या पोराला. ते पोरगं दिवसात चार वाक्यं बोलायचं.

अण्णाचा चेहरा तांबडा झाला. वस्तादांनी त्याला जवळ बोलावलं आणि पट्ट्याचा खोबळा दाखवला. "ह्यात हात कोपरापातूर अडकतुया. मनगाट वळत न्हाई. खांद्यापास्नं समदा हातच तलवार हुतो. एकदा फिराया लागला की मधीच थांबत न्हाई, आन टाकून द्यावा म्हटलं तर पटकन टाकता बी येत न्हाई. रागीट माणसाला आसलं हत्यार द्याचं नसतं."

"मग मला काय?"

"तुला इटा."

विटा म्हणजे आखूड भाला. बुडाला दोरी असते, ती मनगटाला बांधायची. फेकायचा आणि झटक्यासरशी ओढून परत हातात घ्यायचा. "फेकलास तरी दोरी तुज्याकडं ऱ्हाती," वस्ताद म्हणाले. "मागं वडून घ्याची सवं लाव."

माझ्या हातात फरी आली. फरी म्हणजे चामड्याची लहानशी ढाल, आणि तिच्या जोडीला गदगा, चामडं गुंडाळलेली वेताची छडी. ढाल-तलवारीचा सराव यावरच करतात. मला रडू आलं. म्हटलं, "मी भितो म्हणून फरी व्हय?"

"भितोस तर हाईसच," वस्ताद म्हणाले. "पर छडी तोंडाफुडनं गेली तवा समद्यांनी डोळं मिटलं, तू न्हाई मिटलंस. अडवणाऱ्याचं डोळं उघडं लागत्यात."

त्या वयात मी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

पुढची सहा वर्षं मी फरी खेळलो. घाव सरळ अंगावर घ्यायचा नाही, फरी थोडी तिरकी धरायची, म्हणजे तो घसरून जातो. मागचा पाय सरळ मागं नेण्यापेक्षा कडेला न्यायचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हत्याराकडं बघायचं नाही. "खांदा बघ," वस्ताद ओरडायचे. "हत्यार मागनं येतंय, खांदा आदी बोलतुया."

पण जत्रेत हलगी कडाडायची ती पट्ट्यासाठी. कुंभाराचं पोरगं डोळे बांधून माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापायचं आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. फरीला कुणी पैसा लावत नसे.

१९७४ साली मी वीस वर्षांचा होतो. मास्तरकीचा कोर्स करून घरी बसलेलो, नेमणुकीची वाट बघत. आमचा आणि चुलत्यांचा बांधावरून वाद होता. दर साली नांगराचा एक तास त्यांच्याकडून आमच्यात यायचा. खरं होतं ते, आजही सांगतो. त्या सकाळी चुलत भावानं बांधाला नांगर लावला आणि अण्णा खोपीतून कुऱ्हाड घेऊन निघाला. मी बैलांची काठी घेऊन त्याच्या मागं धावलो. अण्णाला वाटलं, मी त्याच्या बाजूनं येतोय. मलाही तसंच वाटत होतं.

शिव्या झाल्या. मग मला अण्णाचा खांदा दिसला.

पुढचं मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. सहा वर्षांचा सराव होता, पाय आपोआप कडेला गेला आणि काठी आडवी झाली. काठी मोडली. कुऱ्हाड घसरली, पण दांड्याचा तडाखा माझ्या डाव्या हातावर बसला. चुलत भाऊ नांगराचा रुमणा धरून तसाच उभा, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. अण्णानं एकदा कुऱ्हाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि कुऱ्हाड उसात भिरकावून दिली.

हाड बसवणाऱ्यानं हात बांधला. करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली.

रात्री वडील काही न बोलता जेवले. अण्णा दारातून एवढंच बोलला, "घरातच वैरी हाय म्हटल्यावर भाईरच्याला काय बोलायचं." गावात हसणं झालं: मर्दानी खेळ शिकला आणि आपल्याच भावाला अडवला. बांध पुन्हा मागं सरकला नाही. गेलेली जमीन गेली, आणि वडील तिचं नाव काढतच गेले.

अण्णा माझ्याशी नऊ वर्षं बोलला नाही. एकाच घरात राहायचो. "त्याला म्हणावं पाणी सोडलंय," असं तो पोरांना सांगायचा आणि मी दोन हातांवर उभा असायचो. त्या नऊ वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की मी आडवा गेलो तो कशासाठी? भाऊ तुरुंगात जाऊ नये म्हणून, चुलत भाऊ मरू नये म्हणून, की मुळातच भित्रा म्हणून? तिन्ही खरं असावं. एकच एक उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

वस्ताद चौथ्या दिवशी घरी आले. हाताकडं बघून म्हणाले, "फरी कुठं व्हती?"

"तालमीत."

"मग हाताचीच केलीस व्हय." ते हसले. आणि मग उठून अण्णाकडं मळ्यात गेले, ते दिवस मावळेपर्यंत तिथंच बसले. काय बोलले ते दोघांपैकी कुणीच मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उसातली कुऱ्हाड शोधून अण्णानं तालमीत नेऊन ठेवली, एवढं मी बघितलं.

अण्णा २०१९ साली गेला. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात त्याच्या उशाला बसलो होतो. त्यानं माझा डावा हात ओढून घेतला, करंगळी चाचपली.

"थंडीत ठणकतंय का रं?"

"ठणकतंय."

"मला बी," तो म्हणाला.

पोरगं गप्प ऐकत होतं. मग म्हणालं, "म्हणजे तुमची सोरेसू. पण आबा, ती बोअर आहे. त्यात कुणी पटकन जिंकत नाही."

"मग ती घेतंय कोण?"

त्यानंच सांगितलं. ओबी-वान नावाचा जेडाय. त्याचा गुरू क्वाय-गॉन आतारूनं लढायचा, उड्या, गिरक्या, सगळं. तो शिष्याच्या डोळ्यांसमोर मारला गेला. त्यानंतर ओबी-वाननं सोरेसू धरली आणि तो म्हातारा होईपर्यंत टिकला.

"आन तू कुठली घेतलीस?"

"वापाड," तो म्हणाला. जरा वेळानं पुढं म्हणाला, "मला राग येतो ना लवकर."

मला ठाऊक होतं. लेकीनं सांगितलं होतं, दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातल्या पोराला त्यानं कंपासपेटी फेकून मारली. कपाळाला दोन टाके पडले.

"आमच्या वस्तादांनी तुला वापाड दिली नसती," मी म्हटलं. "आपल्यासारखं दिसतंय ते हत्यार प्रत्येकाला आवडतं. वस्ताद बघायचे, ह्याला सांभाळील कुठलं. तुला त्यांनी विटा दिला असता. दोरीचा."

"पण तो सातात नाहीये."

"मग आठवा धर."

तो बराच वेळ छताकडं बघत पडला होता.

आमच्या तालमीत आता लोखंडी यंत्रं आहेत. २०२४ साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, त्याचा मला आनंदच झाला. शिवजयंतीला चौकात अजून पट्टा फिरतो, लिंबं कापली जातात. विटा मात्र गावात एकही उरला नाही. माझी फरी तेवढी माळ्यावर होती.

सकाळी ती खाली काढली. चामडं वाळून खडखडीत झालेलं, उंदरांनी एक कड कुरतडलेली. पोराच्या हाताला ती मोठी झाली. गदगा काही सापडला नाही, म्हणून मी त्याचीच निळी तलवार घेतली. सेल संपले होते, त्यामुळे ती मुकाट होती.

पहिल्या हाताला त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या हातालाही मिटले.

"तलवार बघू नको," मी म्हटलं. "खांदा बघ माझा."

आतून लेकीनं हाक मारली, चहा निवतोय म्हणून.

"थांब गं आई," तो ओरडला. नजर माझ्या खांद्यावरच होती. "आबा, अजून एकदा."