बसलेला गडी

वाटीत चिवडा होता आणि दाणे संपले होते, यावरूनच मला कळायला हवं होतं.

एक शनिवार सोडून एक शनिवार आमच्याकडे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बसतं. पुण्यातलं दोन खोल्यांचं घर, जेवणाचं टेबल, पाच खेळाडू आणि डंजन मास्टर मी. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, मी समोरचं जग सांगते, आपलं पात्र काय करतंय ते जो तो बोलून दाखवतो, आणि ते जमलं की फसलं हे २० बाजूंचा फासा ठरवतो. आई आतल्या खोलीत मालिका बघत असते. चोराच्या पात्राला या खेळात ‘रोग’ म्हणतात. कुणी ‘माझा रोग गेला!’ म्हणून ओरडलं की आतून ‘बरं झालं बाई’ ऐकू येतं.

तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तळघरातली लढाई, पहिलीच फेरी, आणि शत्रूच्या पुजाऱ्यानं आमच्या फायटरवर ‘होल्ड पर्सन’ टाकला. या मंत्रानं माणूस जागच्या जागी थिजतो. हलणं बंद, बोलणं बंद. आपली पाळी आली की शेवटी एक फासा टाकायचा, सुटलात तर सुटलात. त्याला १६ किंवा वर हवे होते. पडले ७. ‘पुढचा,’ मी म्हणाले. खेळातली एक फेरी ६ सेकंदांची असते, टेबलावर मात्र आमची फेरी वीस-वीस मिनिटं चालते. चार फेऱ्या, चार फासे, सव्वा तास. आणि त्याचं नशीब काही जगावेगळं फुटकं होतं असंही नाही. १६ लागत असताना चारदा हुकणं जवळजवळ तीनात एकदा होतंच. त्यानं आधी फाशांचा मनोरा रचला, मग फोन काढला, मग चिवड्यातले दाणे एकेक वेचून खाल्ले. निघताना ‘मस्त झालं’ म्हणाला, लग्नाचं जेवण जेवून यजमानाला म्हणतात तसं. पुढचे दोन शनिवार त्याला ऑफिसचं काम निघालं.

मी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. हे मी स्वतःला बरेच दिवस ऐकवत होते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली काढला तेव्हा पात्र मेलं तरी फार बिघडत नसे. तीन फासे सहा वेळा टाकायचे, आकडे लिहायचे, सामान घ्यायचं. नवा गडी थोड्याच वेळात हजर. आता आमच्याकडे पात्राला आई-वडील असतात, तुटलेलं प्रेम असतं, चार पानी पूर्वायुष्य असतं. ते मेलं की नवं उभं करायला संध्याकाळ जाते. पात्रावर जीव जडला, त्याची किंमत म्हणून बाजूला बसण्याचा वेळ वाढला. दुखणं फक्त याच खेळाचं नाही. १९८९ साली आलेल्या ‘शॅडोरन’मध्ये हॅकरचं पात्र संगणकाच्या आभासी जगात शिरलं की बाकीच्यांनी पिझ्झा मागवायला हरकत नाही, हा त्या खेळाडूंमधला जुना विनोद. एकट्याचा खेळ आणि चौघांचा पिझ्झा.

मला वाट सापडली ती शाळेच्या मैदानात. मी खो-खो खेळायचे, बरीच वर्षं. पाठलाग करणाऱ्या संघाचे ९ जण मैदानात असतात, त्यातले ८ चौकोनात बसलेले. धावतो एकच. पण बसलेल्या गड्याला कुणी ‘तू खेळातून बाहेर आहेस’ असं म्हणून बघावं. हात जमिनीला टेकलेले, एक पाय मागे ताणलेला, आणि सगळी पाठ कान झालेली. कारण खो मागून येतो, आणि केव्हाही येतो. पूर्ण टेकून बसलेली मुलगी दिसली की आमच्या बाई मैदानाबाहेरून नावानं हाक मारायच्या.

माझ्या टेबलावर मात्र पाळीचा क्रम सगळ्यांसमोर लिहिलेला. आपल्याआधी चार जण आहेत हे कळलं की माणूस पूर्ण टेकून बसणारच. आणि ज्याची पाळी आली तरी एक फासा टाकण्यापलीकडे काही नाही, त्यानं दाणे वेचले तर त्याची काय चूक?

काही महिन्यांनी तोच फायटर पुन्हा थिजला. या वेळी मी पुस्तक नीट वाचलं होतं. तो मंत्र टाकणाऱ्याला सतत एकाग्र राहावं लागतं; त्याला जखम झाली तर फासा टाकून एकाग्रता टिकवावी लागते, नाहीतर मंत्र सुटतो. पहिल्या वेळी यातलं काहीच मी बोलले नव्हते. आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पुजाऱ्याचा उचललेला हात थरथरतोय, ओठ पुटपुटतायत. झालं. इतरांचा प्रत्येक बाण आता त्याचा बाण झाला. मग मी एक चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली: ‘तू थिजलायस, पण डोळे उघडे आहेत. खांबामागे दुसरा उभा आहे. तुझ्याशिवाय कुणाला दिसत नाही.’

बोलता येत नाही, हा नियम. आमचा रोग त्याच खांबाकडे सरकत होता. फायटरनं चिठ्ठीची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. ओठ आत घेऊन दातांखाली धरले. रोग म्हणाली, ‘मी खांबाला पाठ लावून लपते.’ त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. सुरा बसला तेव्हा टेबलावर सगळ्यात मोठी किंकाळी त्याची होती. चिवडा तसाच राहिला.

तेव्हापासून मी आणखी एक सवय लावून घेतली. या खेळाच्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पडलेलं पात्र लगेच मरत नाही. पाळीला एक फासा, १० किंवा वर पडले की एक यश. तीन यशं आधी आली तर जीव टिकला, तीन अपयशं आधी आली तर गेला. १ पडला तर दोन अपयशं एकदम, २० पडले तर माणूस शुद्धीवर. आमच्याकडे हा फासा पडलेल्या खेळाडूनं स्टीलच्या वाटीखाली टाकायचा आणि एकट्यानं बघायचा. मलासुद्धा नाही सांगायचं. धावत जाऊन वाचवायचं की आधी राक्षस मारायचा, हे ठरवायला बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. इतका वेळ कुणी आपल्याकडे बघत बसलंय, असं धडधाकट पात्राच्या वाट्याला कधी येत नाही.

हे सगळं जमायला लागलं तशी मला हाव सुटली. मी वाचलं, की १९९४ च्या ‘रेथ’ या खेळात प्रत्येक खेळाडू स्वतःच्या पात्राखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी पात्राच्या मनातली काळी बाजूही चालवतो, आणि २००५ च्या ‘पोलॅरिस’मध्ये ज्याचा प्रसंग चालू असेल त्याच्या समोर बसलेला खेळाडू त्याच्यापुढे संकटं उभी करायला बांधील असतो. तिथे रिकामं बसायला जागाच नाही. मग मीही रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायला लागले. मेलास? हे घे शत्रूकडचे तीन गॉब्लिन, चालव.

आमच्यात एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाबरोबर एकदा आले आणि मुलगा बंगळूरला गेला तरी येत राहिले. त्यांची क्लेरिक, म्हणजे पुजारीण, एका दरीत पडली, त्या दिवशी मी त्यांना गॉब्लिन दिले. त्यांनी इमानदारीत चालवले, कॅश मोजावी तसे. दारात चपला घालताना म्हणाले, ‘अगं, आज मला जरा बघत बसायचं होतं. तुम्हा पोरांची भांडणं ऐकायची होती. तू कामाला लावलंस.’

मी दार लावून तशीच उभी राहिले. लहानपणी आम्ही धाकट्यांना लिंबूटिंबू घ्यायचो. धाव, पकड, बाद मात्र तू होत नाहीस. मी काकांना लिंबूटिंबू केलं होतं. हातात गॉब्लिन होते, पण जिंकले काय आणि हरले काय, त्यांचं जात काहीच नव्हतं. आणि बघण्यात सुख नसतं हे मला कुणी सांगितलं? हाच खेळ खेळून दाखवणारा ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. लोक तासन्‌तास दुसऱ्यांचा खेळ बघतात आणि पुढच्या भागाची वाट पाहतात. फरक एवढाच, की ते बघायलाच आलेले असतात. पंगतीला बसवून पानात वाढलं नाही तर माणूस दुखावतो. पण ‘मला आज भूक नाही, गप्पा मारत बसतो’ म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहानं जिलबी टाकणं हाही छळच.

आता पात्र पडलं की मी आधी विचारते: बघताय की काही हवंय? अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते सुचायला मला तीन वर्षं लागली. फायटर नेहमी काहीतरी मागतो. रोग उठून चहा टाकते आणि ओट्यापाशी उभी राहून सल्ले देते. काका बहुतेकदा बघतात.

गेल्या खेपेला काकांची क्लेरिक पुन्हा पडली. फासे पडत होते, निकाल अजून लागला नव्हता. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. त्यांनी वाटीखाली फासा टाकला, कड जराशी उचलून पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि चपला घालायला गेले. चौघं जण ‘काका, काका’ करत मागे धावले. ‘पुढच्या शनिवारी,’ ते म्हणाले.

वाटी टेबलावर तशीच आहे. आज अकरावा दिवस. आई तिच्या भोवतीनं टेबल पुसते.