वेगळी चूल



नात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि आमच्या घरात 'ग्राफिक्स कार्ड' हा शब्द रोज ऐकू येऊ लागला. तिच्याकडे लॅपटॉप आहे, बारावीनंतर घेतलेला, इंटेल आय-५ १२३५यू, ८ जीबी रॅम. तिला आता टेबलावरचा कॉम्प्युटर हवा आणि त्यात आरटीएक्स ३०६० कार्ड. तिचे बाबा म्हणतात, आहे त्याला काय झालंय? पैसे माझ्या मुदत ठेवीतून जायचे. शिवाय गेल्या दशलक्षण पर्वात आम्ही दोघांनी परिग्रह परिमाणात एक नियम घेतला आहे: घरात एक यंत्र आलं तर एक बाहेर जाणार. त्यामुळे 'हवं' आणि 'लागतं' यातला फरक मला नीट समजून घ्यावा लागला.

लॅपटॉपमध्येही चित्र उमटवणारा भाग असतोच. तो प्रोसेसरच्याच पोटात बसवलेला असतो, म्हणून त्याला इंटिग्रेटेड म्हणायचं. त्याला स्वतःची मेमरी नसते, मुख्य रॅममधूनच तो आपला वाटा घेतो. एकाच ओट्यावर दोन जावा स्वयंपाक करतात तसं. कार्ड म्हणजे वेगळी चूल. चातुर्मासात मुनींच्या आहारासाठी आपण चौका लावतो तेव्हा भांडी वेगळी, पाणी वेगळं, जागा वेगळी. घरच्या चहापाण्याचा तिथे संबंध नाही. ३०६० कार्डाचं तसंच. स्वतःची १२ जीबी मेमरी, स्वतःचे पंखे, विजेची वायरसुद्धा वेगळी.

मी आधी मेमरी किती एवढंच बघत होते. नातीने सांगितलं, आजी, ती किती वेगाने हाताशी येते ते बघ. या कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी पुरवते. लॅपटॉपमधली डीडीआर४ ३२०० रॅम दोन पट्ट्यांत असेल तर ५१.२ जीबी, एकच पट्टी असेल तर निम्मी, २५.६. त्यातही प्रोसेसर वाटेकरी! आणि आमच्या लॅपटॉपमध्ये निघाली एकच पट्टी. दोन पट्ट्या असल्या तरच इंटेल त्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई म्हणतं, नाहीतर नुसतं यूएचडी. चिप तीच, पण नाव उतरतं. मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा. दुसरी जागा रिकामी असली तर एक पट्टी वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पण त्याने नातीचं काम भागेल का? ते मी डोळ्यांनी पाहिलं. ब्लेंडरमध्ये तिने घराचं मॉडेल केलं होतं, त्याचं एक चित्र रात्री लॅपटॉपवर लावलं. पहाटे सामायिकाला उठले तेव्हा पंखा अजून घरघरत होता, चित्र अर्धवट. लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ब्लेंडरचं सायकल्स हे काम देतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तेच चित्र तिच्या मैत्रिणीकडे ३०६० वर माझ्या दोन माळा होईपर्यंत तयार झालं. लुमियन, एनस्केप ही सॉफ्टवेअरं तर वेगळं कार्डच मागतात. पोरगी रात्र रात्र जागते ती आळसामुळे नव्हे, एवढं मला पटलं.

तिच्या बाबांनी मग मधला मार्ग काढला, गेमिंग लॅपटॉप. इथे मात्र नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधल्या ३०६० ची मेमरी ६ जीबी, टेबलावरच्याच्या निम्मी. टेबलावरचं कार्ड १७० वॉट घेतं, लॅपटॉपमधल्याला कंपनी मॉडेलप्रमाणे ६० ते ११५ वॉटच देते. शिवाय ते बोर्डवर पक्कं. टेबलावरचं कार्ड चार वर्षांनी काढून विकता येतं, नवं बसवता येतं. घसाऱ्याचा हिशेब केला तर मला टेबलच बरं वाटलं.

गेमची भीती मलाही आहे. गोळ्या झाडायच्या खेळात मनातली हिंसा होतेच. पण ते खेळ मोबाइलवरही चालतात, कार्ड न घेतल्याने काही थांबत नाही. त्यावर आमचं दोघींचं वेगळं बोलणं झालंय, ते इथे लिहीत नाही.

विजेचं सांगते. भरात असताना सगळा कॉम्प्युटर ३०० वॉट धरला, रोज चार तास, तर महिन्याला ३६ युनिट. लॅपटॉपचा ६५ वॉटचा ॲडॉप्टर पूर्ण ओढला तरी आठच्या आत. अभ्यासासाठी जळली ती वीज कामाची, पण जेवायला गेलं आणि यंत्र नुसतं चालू, हा अनर्थदंड. ही अट नातीने मान्य केली आहे.

तर कॉम्प्युटर येतोय. दुकानदाराने कोटेशनमध्ये ४५० वॉटचा एसएमपीएस लिहिला होता. या कार्डाला ५५० सांगितलेला आहे, तो बदलून घेतला. लॅपटॉप कॉलेजला न्यायला राहणार, ८ जीबीची पट्टी वाढवून. आणि आतल्या खोलीतला टीव्ही मंगळवारी जातोय, ज्यावर मी प्रवचनं ऐकायची. ती आता संध्याकाळी नातीच्या लॅपटॉपवर ऐकेन, तेवढ्याला त्यातलं ग्राफिक्स भरपूर झालं.