सहा सव्वीस

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे तीन छप्पन्नला झाला. आमच्याकडे न्यू जर्सीत तेव्हा आदली संध्याकाळ होती, सहा वाजून सव्वीस मिनिटं. हा हिशेब मी नंतर कितीदा केला असेल! साडेनऊ तास वजा केले, की झालं. सहा सव्वीसला मी काय करत होते? बहुतेक कुकर लावत होते. तिसरी शिट्टी व्हायच्या आत तिकडे सगळं आटोपलं होतं.

बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर. मावशीचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून वीसेक किलोमीटरवर. गावात फोन एकच, पोस्टातला. मी लातूरचे, सोलापूरचे, माहीत असतील तेवढे नंबर फिरवत बसले. कुठेच लागेना. तोवर टीव्हीवरचा आकडा शेकड्यांतून हजारांत गेला होता; अखेर तो दहा हजारांच्या जवळपास जाऊन थांबला. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या मामांचा फोन लागला. मावशी वाचली होती, घर गेलं होतं. गणपती बोळवून रात्री उशिरा आली आणि आत उकडतंय म्हणून अंगणात बाज टाकून झोपली, एवढंच निमित्त.

त्या घराचं मला भारी कौतुक होतं. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. माळवद म्हणतात त्याला. पावसाळ्यात गळायला लागलं, की वर आणखी चार पाट्या माती ओतायची. आजोबांनी ओतली, काकांनी ओतली. वैशाखात आत पाऊल टाकलं, की माठात उतरल्यासारखं वाटायचं. इथल्या घरांना मी खोकी म्हणायचे. लाकडी सांगाडा, त्याला दोन्हीकडून जिप्समचे पातळ तक्ते ठोकलेले. नेम चुकला तर खिळा भिंतीत आरपार. ऑफिसातल्या लोकांना मी मावशीच्या भिंतींची रुंदी हात पसरून दाखवायचे. तो भूकंप सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगात दरवर्षी शंभरावर होतात त्यांतलाच. माणसं गेली ती भिंतींच्या दगडांखाली आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेमानं डोक्यावर रचलेल्या त्या मातीखाली.

इथल्या मराठी मंडळींनी एकाच्या तळघरात कपडे जमवायला सुरुवात केली. शनिवार-रविवार मी तिथे घड्या घालत होते. स्वेटर, लोकरीचे हातमोजे, बर्फात घालायचा एक लालभडक फुगीर कोट. ऑक्टोबरात, मराठवाड्यात! हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. माझ्या आलं होतं. बोलले नाही. पैसेही पाठवले होतेच, पण चेक लिहायला अर्धं मिनिट लागतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? कोटाची घडी नीट बसेना, त्यातली हवा दाबून काढावी लागायची. मी ती दोन्ही हातांनी, गुडघा टेकवून, पुन्हा पुन्हा दाबत होते. पुढे मामा म्हणाले, कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडलेत. आमचे होते की दुसऱ्या कुणाचे, मी विचारलं नाही.

2021 च्या एप्रिलात तिकडे ऑक्सिजनवाचून माणसं जात होती, तेव्हा फोन हातातच होता. नाशिकच्या बहिणीचा धाप लागलेला आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. साडेनऊ तास मात्र तेवढेच. रात्र-रात्र जागून मी नाशिक-पुण्याच्या दवाखान्यांत बेड विचारायचे. अशाच एका रात्रीनंतर सकाळी आंघोळ करून गेले आणि रांगेतसुद्धा उभं न राहता लशीचा दुसरा डोस घेऊन आले. बेड तिच्या शेजाऱ्यांनी मिळवून दिला. माझे फोन म्हणजे पुन्हा त्या घड्याच.

किल्लारीनंतर चार महिनेही झाले नव्हते, 17 जानेवारी 1994 ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारला. जोर 6.7, किल्लारीहून जास्त. माणसं गेली साठेक. इथेही लोक झोपलेलेच होते, पण बरेचसे खोक्यांत.

फेब्रुवारीत मावशीचं पत्र आलं, नातवाच्या अक्षरात. न्यू जर्सीपासून नॉर्थरिज चार हजार किलोमीटर लांब आहे हे तिला कोण सांगणार? ‘अमेरिकेत भूकंप झाला म्हणून रेडिओनं सांगितलं. तवापासून डोळ्याला डोळा नाही. तुझं घर लाकडाचं आहे म्हणली होतीस, ते बरं. आम्ही सगळे सध्या पत्र्याच्या शेडात आहोत. दिवसा लई तापतं. तुला तिकडं काही लागलं-सवरलं तर कळव.’