वडिलांचे स्वगत

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर साकारले होते. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या या नाटकात पोटची लेक पित्यावर चोरीचा आळ घेते. मुलांपाशी जे बोलवत नाही, ते गणपतराव स्वगतांतून बोलतात. पत्नीवरील जन्मभराची माया मात्र 'सरकार' या एका संबोधनात सामावते.

माझे वडील दसऱ्यानंतर कळंब तालुक्यातील गाव सोडून ऊसतोडीला जात. वसतिगृहाच्या दारात मला सोडताना 'नीट राहा' एवढेच म्हणत. त्या अबोलपणाचा मला राग येई. स्वगत म्हणताना प्रथमच उमगले, वडिलांच्याही मनात असेच स्वगत होते. ऐकणारा मात्र कोणी नव्हता. आता गावी गेलो की मी त्यांच्यापाशी बसतो आणि ऐकतो.