मधली नव्वद वर्षे

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकावरील प्रबंधासाठी मी लिहिलेला पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ अशी निव्वळ जंत्री होती. मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, “यात तुझे म्हणणे कोणते?”

त्या रात्री साऱ्या नोंदी सालवार मांडल्या. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली; त्यानंतरची माझी नोंद थेट १९७५ ची, स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले तेव्हाची. मधली नव्वद वर्षे मी न थबकता ओलांडली होती. कोण काय म्हणाले हे टिपताना, इतका काळ कोणी फारसे का बोलले नाही, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

आढावा मग त्या मौनापासून पुन्हा लिहिला. खरे तर माझा प्रबंधही तिथूनच सुरू झाला.