तळव्यातला डोळा

तळव्यात डोळा! वीतभर उंचीची तांब्याची मूर्ती, उजवा हात गुडघ्यावरून पुढे सोडलेला आणि त्या उघड्या तळव्यावर पापणीसकट कोरलेला डोळा. दुसऱ्या तळव्यातही एक. पद्मासनातल्या दोन्ही तळपायांवर एकेक. कपाळावर तिसरा. नेपाळातल्या पाटणमध्ये, ओकुबहालच्या गल्लीतल्या एका कारागिराकडे श्वेततारेची, करुणेच्या बौद्ध देवीची, ही मूर्ती मी पहिल्यांदा हातात घेतली, आणि सातही डोळे मोजून झाले तरी ती खाली ठेववेना.

करुणा म्हटलं की आपण चेहरा शोधतो. मिटत आलेल्या पापण्या, मंद स्मित. इथं ती हातापायांत आहे! शेजारीच हरिततारा होती. तिचा डावा पाय दुमडलेला, उजवा मात्र आसनावरून खाली उतरलेला, छोट्या कमळावर टेकलेला. हाक आली की उठायचं, म्हणून ती पूर्ण बसतच नाही. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याच्या अश्रूतून तारा जन्मली अशी कथा आहे, आणि खुद्द त्याच्या हजार हातांच्या रूपात प्रत्येक तळव्यावर डोळा असतो. दुःख दिसलं तिथं हात आधीच पोचलेला! घरातल्या देव्हाऱ्यात मावेल एवढ्या धातूत एवढा मोठा विचार कुणीतरी बसवलाय, आणि तो पाटणचे शाक्य कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवताहेत.

आणि घडवतात कसं! मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून आधी अख्खी मूर्ती मेणाची करायची. बोटं, दागिने, कमळाच्या पाकळ्या, सगळं मेणात. मग तिच्यावर शेणमातीचे पातळ थर, ते वाळले की भाताचा तूस घातलेल्या मातीचे जाड थर. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि राहिलेल्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती! पुढच्या मूर्तीसाठी पुन्हा मेणापासून सुरुवात. मोठ्या मूर्तीचे हात, आसन वेगळे ओतून जोडतात. भट्टीतून निघालेलं तांबं काळपट, खडबडीत असतं. खरा जीव ओततो तो छिन्नीवाला. सुपारीएवढ्या चेहऱ्यावर ओठांची कड काढताना त्याचा हात मी श्वास रोखून बघत होते.

मग सोनं. पाऱ्यात कालवलेलं सोनं मूर्तीवर चोळून तापवतात, पारा उडून जातो, सोनं तांब्याला धरून राहतं आणि अकीक दगडानं घोटल्यावर झळकतं. तो धूर विषारी असतो. या झळाळीमागे कुणाची तरी फुप्फुसं आहेत, आणि करुणेची मूर्ती घेणाऱ्यानं ‘मुलामा देताना धुराचं काय करता?’ एवढं तरी विचारायलाच हवं, असं मला फार वाटतं. चेहऱ्याचं सोनं वेगळं: सरसात कालवलेली सोन्याची पूड कुंचल्यानं लावतात आणि शेवटी डोळे रंगवतात.

ही कला जुनी आहे. पाटण ज्या खोऱ्यात आहे तिथलाच कारागीर अरनिको १२६० मध्ये कारागिरांना घेऊन तिबेटात गेला, तिथून कुब्लाईखानाच्या दरबारी. बीजिंगचा पांढरा स्तूप त्याचाच! आणि इथले नेवार लोक ज्या अवलोकितेश्वराला करुणामय म्हणतात, त्याचा उंच रथ आजही दरवर्षी पाटणच्या रस्त्यांतून ओढतात.

मूर्ती तळाशी पोकळ असते, हेही मला तिथंच कळलं. तिबेटी परंपरेत त्या पोकळीत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या आणि सुगंधी वनस्पती भरतात, तांब्याच्या पत्र्यानं तळ बंद करतात, त्यावर विश्ववज्र कोरतात आणि मग प्राणप्रतिष्ठा. मी आणलेल्या तारेचा तळ अजून उघडा आहे. आत काय असायला हवं हे जाणत्या लामांना विचारूनच ठरवणार आहे.

आणि हा अवलोकितेश्वर आपल्याकडे केवढा आहे! अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना ठाऊक असतो. पण कान्हेरीच्या ४१व्या लेण्यात तो अकरा मुखांचा आहे. औरंगाबादच्या ७व्या लेण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना आग, साप, पिसाळलेला हत्ती, बुडणारं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याला हाका मारताहेत. आधी कान्हेरी, लगेच औरंगाबाद. पाऊस थांबला की निघतेय, आणि बरोबर कुणी येणार असेल तर फारच छान!